वाढत्या मापाचं हेल्मेट

लहान मुलांसाठी काहीही घेताना एक माप मोठं घ्यायचं, ही आमच्या दोन्ही घरांची रीत. बुटांच्या टोकाला कापूस कोंबायचा, झग्याच्या शिवणीत माया ठेवायची, शर्टाच्या बाह्या दुमडायच्या. ‘वाढत्या अंगाचं आहे’ एवढं म्हटलं की दुकानातला वाद संपायचा. माझं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरूचं, बायकोचं माहेर बेळगावकडचं. माझ्या मराठीला कढीपत्त्याची फोडणी आहे, असं ती लग्नानंतर दहा वर्षं झाली तरी म्हणत असे. पण मापाच्या बाबतीत आमच्यात कधी मतभेद झाला नाही.

स्वतःचा आजार कळल्यावर तिनं ही रीत फार पुढे नेली. दवाखान्यातून परतताना ती मध्येच ऑटो थांबवायला सांगायची आणि काहीतरी घेऊन यायची. आमची मुलगी तेव्हा दुसरीत होती. घरी आल्यावर बायको एकेक वस्तू खाकी कागदी पिशवीत घालायची आणि पिशवीवर काळ्या स्केचपेननं लिहायची: तिसरी, चौथी, पाचवी. सहावीची पिशवी सगळ्यात फुगलेली होती. हे काय चाललंय, असं मी विचारलं नाही. सातवीच्या पिशवीपर्यंत ती पोचली नाही.

हेल्मेट पिशवीत मावलं नसावं. ते कपाटाच्या वरच्या फळीवर तसंच उघडं होतं, निळं, बाजूला पांढरा पट्टा असलेलं. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

मुलगी तिसरीत गेली तेव्हा मी तिला सायकल घेतली आणि त्याच दिवशी ते हेल्मेट खाली काढलं. माझी मोठी बहीण, अक्का, त्या दिवशी घरी होती. ती के. आर. पुरमला राहते. बायको गेल्यापासून दर शनिवारी संध्याकाळी दोन बस बदलून आमच्याकडे हेब्बाळला येते, रविवारी मुलीला तेल लावून न्हायला घालते आणि जेवून परत जाते.

“हे मोठं होतंय रे हिला,” अक्का म्हणाली. “बघ, टोपलीसारखं डुलतंय.”

“वाढत्या अंगाचं आहे, अक्का. वर्षभरात बसेल.”

“आणि वर्षभर हिचं डोकं काय कपाटात ठेवायचं?”

मुलगी खूप हसली. मी हिवाळ्यातली कानटोपी आणून तिच्या डोक्यावर घातली आणि त्यावर हेल्मेट बसवलं. मग ते डुलायचं थांबलं. निदान मला तसं वाटलं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. पुस्तक फळीत घट्ट बसत नसेल तर शेजारी काहीतरी सारून ते उभं करायची मला सवय आहे.

तो रविवार डिसेंबरातला. आदल्या संध्याकाळी अक्कानं अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा आणल्या होत्या आणि दोघी जमिनीवर कागद पसरून त्या सोलत बसल्या होत्या. सकाळी अक्कानं तिच्या डोक्याला तेल चोपडलं. तेल मुरेपर्यंत दोन चकरा मारून येते, असं मुलगी म्हणाली. कानटोपी, हेल्मेट, सगळं घालून ती निघाली. मी फाटकाशी पेपर वाचत उभा होतो.

आमच्या गल्लीत आदल्या दिवशी नवा हंप, म्हणजे गतिरोधक, घातला होता. त्याला अजून पांढरा रंग लागलेला नव्हता. डांबर काळं, रस्ता काळा. मला आधी सायकलीचा आवाज आला आणि मग काहीच आवाज आला नाही. मी पोचलो तेव्हा ती गटारावरच्या दगडी फरशीच्या कडेला पडलेली होती. हेल्मेट कानटोपीसकट मानेमागे गेलेलं होतं, पट्टा गळ्याशी अडकलेला, आणि कपाळ उघडं होतं. डाव्या भुवईच्या वर लागलं होतं.

त्यानंतरचं मला तुटकतुटक आठवतं. ऑटोवाला डोकं बाहेर काढून सगळ्या रस्त्याला “स्वल्प जागा बिडी, स्वल्प जागा बिडी”, थोडी जागा द्या, म्हणून विनवत होता. अक्काच्या हाताला तेल होतं, त्यामुळे ती मुलीचा हात धरायची आणि तो निसटायचा.

कवटीला केसाएवढी चीर होती आणि तिच्याखाली थोडं रक्त. शस्त्रक्रियेची गरज नाही, पण दोन दिवस लक्ष ठेवावं लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ठरावीक वेळानं कुणीतरी येऊन मुलीला उठवायचं, डोळ्यांत उजेड पाडायचा आणि नाव विचारायचं. नाव ती सांगायची. शाळाही सांगायची. काय झालं, असं विचारलं की नुसती बघायची.

पहिल्या दुपारी तिनं नर्सला विचारलं, “आई कुठे गेली?”

नर्सला मराठी येत नव्हती, पण आई हा शब्द तिला कळला. “बर्ताळे, बर्ताळे,” ती मायेनं म्हणाली. येईल, येईल. मुलीनं मान हलवली आणि डोळे मिटले. मी शेजारीच बसलो होतो. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं नाही. तिला सगळं आठवलं होतं, की विचारायचं सोडून दिलं होतं, हे मला आजही माहीत नाही.

अक्कानं हेल्मेट कापडी पिशवीत घालून दवाखान्यात आणलं होतं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. डॉक्टरीणबाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं, आतला फोम अंगठ्यानं दाबला.

“हे तिच्या मापाचं नाही,” त्या म्हणाल्या.

“आत कानटोपी होती.”

“टोपीवर हेल्मेट घालायचं नसतं. ते डोक्यालाच बसलं पाहिजे.” त्यांनी स्वतःच्या भुवईवर दोन बोटं आडवी ठेवली. “पुढची कड इथे. पट्टे कानाच्या खाली येऊन जुळले पाहिजेत. हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच जागा. मान झटकली तरी हलता कामा नये.”

“मग याचा काही उपयोग झाला की नाही?”

“पुढच्या कडेला आत चीर आहे, बघा. म्हणजे काही धक्का यानं घेतला. मग ते मागे गेलं असेल आणि उरलेला कपाळानं घेतला. किंवा आधीच सरकलं असेल आणि ही चीर दुसऱ्या कशानं पडली असेल. मी तिथे नव्हते.”

“पण हे नसतंच तर?”

“ते मला सांगता येणार नाही.” त्यांनी हेल्मेट माझ्या हातात दिलं. “मापाचं असतं तर कदाचित दोन टाके घालून घरी गेला असतात. पण हेही मी कदाचितच म्हणतेय. आता हे पुन्हा वापरू नका. एकदा आपटलेलं हेल्मेट संपलं. टाकताना पट्टे कापून टाका, नाहीतर कुणीतरी उचलून आपल्या मुलाच्या डोक्यावर घालेल.”

मी हो म्हणालो. पट्टे कापायचे, हे मी नीट ऐकलं होतं.

आम्ही घरी आलो आणि आठवड्याभरातच हेल्मेट देवापाशी गेलं. आमच्याकडे आयुधपूजेला स्कूटर, मिक्सर, शिवणयंत्र, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. ग्रंथालयात आम्ही संगणकालाही फूल वाहतो. अक्काच्या हाताला ती सवय आहे. तिनं हेल्मेट पुसलं, त्याला पुढे हळदकुंकवाची बोटं लावली, वर शेवंतीचं फूल ठेवलं आणि बायकोच्या फोटोशेजारी मांडलं. मग अंथरुणावर पडलेल्या मुलीला म्हणाली, “आईनं राखलं गं तुला.”

मुलीनं पडल्यापडल्या तिकडे पाहिलं. “आईनं आणलेलं म्हणून?”

“मग? दुसरं कोण राखणार?”

मी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी काढून ठेवत होतो, कारण शिट्टीचा आवाज तिला सहन होत नव्हता. मला बाहेर येऊन काहीतरी म्हणायला हवं होतं.

पुढचे आठवडे संथ गेले. पडदे ओढलेले, टीव्ही नाही, मोबाइल नाही, वाचनही नाही. ज्या घरात पुस्तकांना जागा नाही म्हणून ती पलंगाखाली आहेत, तिथे मुलीला वाचायची मनाई. मी तिला वाचून दाखवायचो. दहा मिनिटांनी ती म्हणायची, “अप्पा, पुरे, डोकं भरलं.” कधी जेवताना चमचा हातात धरून त्याचं नाव शोधत राहायची आणि सापडलं नाही की तो फेकायची. एकदा मला म्हणाली, “तू सारखा माझ्याकडे का बघतोस?” मी दुसरीकडे बघायला लागलो तर म्हणाली, “आता दुसरीकडे का बघतोस?” सातचा पाढा गेला होता. सहाचा होता, आठचा होता, मधला सातचाच नव्हता. तो परत येईल का, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. येईल, नाहीतर पुन्हा पाठ करेल, असं त्या म्हणाल्या.

आणि तो रविवार तर अजिबातच नव्हता. शनिवारच्या अवरेकाळूच्या शेंगांपर्यंत तिला सगळं आठवायचं. कुठल्या शेंगेत अळी निघाली आणि अक्का कशी ओरडली, तेही. त्यानंतर एकदम दवाखान्याचं छत. मधली सकाळ कापून काढल्यासारखी. मी तिला ताण द्यायचा नाही असं ठरवायचो आणि तरी आडून आडून विचारायचो. कशासाठी, ते मला माहीत नव्हतं. तिला आठवावं असं मला वाटायचं, आणि आठवू नये असंही.

महिन्याभरानं ती अर्धा दिवस शाळेत जायला लागली. निघताना पूर्वी ती आईच्या फोटोला हात लावायची. आता हेल्मेटला लावायला लागली. “आई, येते,” असं हेल्मेटला म्हणायची. ते पाहिलं की माझ्या मनात तोच गोंधळ सुरू व्हायचा. बायकोनं ते नेमकं कुठल्या वर्षासाठी घेतलं होतं? पाचवी-सहावीसाठी असेल तर तिची चूक नव्हती; मीच ते दोन-तीन वर्षं आधी काढलं. तिसरीसाठी असेल तर इतकी काळजीपूर्वक वागणारी बाई एकदा चुकली, आणि नेमकी इथे चुकली. ती थकलेली होती, दुकानात तिला उभंही राहवत नसेल. यांतलं कुठलं खरं असावं, असं मला वाटत होतं, तेही मला ठरवता येईना. कधी वाटायचं, अक्काचंच बरोबर असेल. फोमला चीर पडली आहे, म्हणजे काहीतरी राखलंच. मग मानेमागे गेलेलं ते हेल्मेट डोळ्यांपुढे यायचं.

एका रविवारी मी अक्काला म्हणालो, “ते तिच्या मापाचं नव्हतं. त्यानं राखलं वगैरे तिच्या डोक्यात बसलंय.”

“मला काय सांगतोस? तेल मी लावलं होतं.” अक्का भांडी विसळत होती, तिनं मागे वळून पाहिलं नाही. “तेल नसतं तर टोपी सरकली नसती. दर शनिवारी बसमध्ये तेच येतं मनात.”

“मी तुला दोष देत नाही, अक्का.”

“तू देत नाहीस, मला ठाऊक आहे. पोरीला एक आधार मिळालाय. तो काढून तुला काय मिळणार?”

“ती पुन्हा तेच घालून सायकलवर बसेल.”

“तेव्हाचं तेव्हा,” अक्का म्हणाली.

ते तेव्हा मार्चमध्ये आलं. डोकेदुखी थांबून बरेच दिवस झाले होते, सातचा पाढा नव्यानं पाठ झाला होता. डॉक्टरीणबाईंनी सायकलीला परवानगी दिली. त्या रविवारी अक्का येऊ शकली नव्हती, तिच्याकडे पाहुणे होते. सकाळी मुलगी देवापाशी गेली, हेल्मेटवरचं वाळकं फूल तिनं फुंकून उडवलं आणि ते डोक्यावर घातलं. कुंकवाची पूड तिच्या कपाळावर पडली, जखमेच्या खुणेवर.

“चल,” ती म्हणाली.

“ते नको.”

“का?”

“तुटलंय ते. आत चीर आहे.”

“थोडीशीच आहे. आईनं आणलंय.”

मी पलंगाच्या कडेवर बसलो. तिथून मी आणि ती एका उंचीवर येतो. “आईनं आणलंय, पण मोठ्या तुझ्यासाठी आणलं असेल,” मी म्हणालो. “मी ते आधीच काढलं. तुला ते मोठं होत होतं. म्हणून ते मागे गेलं आणि तुला लागलं. ते मी करायला नको होतं.”

हे बोलताना मी तिच्याकडे पाहत नव्हतो. आता ती रडेल, असं मला वाटलं. आईनं राखलं हे जाईल आणि त्या जागी अप्पानं पाडलं एवढंच उरेल. ती हेल्मेट दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवून पाहत होती.

“हलायचंच ते,” ती म्हणाली. “मी म्हटलं होतं तुला.”

“कधी?”

“अप्पा, हे मागे जातंय, असं म्हटलं होतं. तू पेपर वाचत होतास. तू म्हणालास, आईनं आणलंय ना, मग घाल.”

“कधी म्हणालीस तू हे?”

“त्या दिवशीच. फाटकाशी. माझ्या कानात तेल गेलं होतं, ते पुसत होते मी.” ती थांबली. तिचे डोळे मोठे झाले. “अप्पा, मला आठवतंय.”

मी तिला धरलं. आणखी काय आठवतं, असं विचारलं. हंप? नाही. पडलीस ते? नाही. ऑटो? नाही. एवढंच. अख्ख्या सकाळीतून तेवढा एक तुकडा परत आला होता, आणि त्यात मी पेपर वाचत होतो.

मला स्वतःला तिचं वाक्य आठवत नाही. पेपरात काय वाचत होतो ते आठवतं, पानाची कुठली बाजू तेही आठवतं. गेलेली आठवण तुकड्यातुकड्यांनी येते, आणि कधी मन स्वतःच तुकडे करून जोडतं, असं डॉक्टरीणबाईंनी मागे सांगितलं होतं. हा कुठला तुकडा, ते मी त्यांना विचारू शकलो असतो. विचारलं नाही. असलं वाक्य मी म्हणालो असेन, यात मला शंका वाटत नव्हती. ते माझंच वाक्य आहे.

“मग तू घातलंस कशाला?” मी विचारलं.

“नाहीतर तू तसा झाला असतास.”

“कसा?”

“तसा. गप्प.”

आम्ही दुकानात गेलो. दुकानदारानं टेप काढून तिच्या कपाळाभोवती गुंडाळली. एक्कावन्न सेंटिमीटर. त्यानं तीन हेल्मेटं काढली. दुसरं तिला बसलं. मागचं चाक फिरवून त्यानं ते आवळलं, तिनं मान जोरजोरात झटकली, ते हललं नाही.

“सरी इदे,” दुकानदार म्हणाला. बरोबर आहे.

“याहून जरा मोठं नाही का?” मी विचारलं. “वाढत्या…” आणि तिथेच थांबलो. मुलगी आरशातून माझ्याकडे बघत होती. मग ती हसायला लागली. ती हसत होती आणि हेल्मेट हलत नव्हतं.

“वाढली की परत या, सर,” दुकानदार कन्नडमध्ये म्हणाला. “दुकान कुठे जात नाही.”

गल्लीत येऊन मी तिच्या भुवईवर दोन बोटं आडवी ठेवली, हनुवटीखाली एक बोट घातलं. “अप्पा, गुदगुल्या होतात,” ती म्हणाली. हंपाला आता पांढरे पट्टे होते. ती त्याच्या आधीच उतरली, सायकल हातानं पलीकडे नेली आणि पुन्हा बसली. दोन चकरा मारल्या, मग दमून परत आली. मी फाटकाशी उभा होतो. हातात काही नव्हतं.

घरी आल्यावर जुनं हेल्मेट तिनं धरलं आणि मी स्वयंपाकघरातल्या कात्रीनं त्याचे पट्टे कापले. कात्री बोथट होती, वेळ लागला. माझ्या बोटांना कुंकू लागलं. सुक्या कचऱ्याची गाडी बुधवारी येते, तोवर ते चपलांच्या मांडणीशेजारी ठेवलं. तिनं जाताना त्याला हात लावला नाही, पण त्याच्यावरून पलीकडे पाय टाकून गेली, तो लागू नये म्हणून.

मग ती कपाटापाशी गेली आणि चौथीची खाकी पिशवी घेऊन आली.

“हेही बघू या बसतंय का.”

“अजून तिसरीचंच वर्ष आहे तुझं.”

“बघू तर.”

पिशवीत एक स्वेटर होता, दोन पांढरे रिबिनींचे गुंडे आणि काळे बूट. बुटांच्या टोकांत बायकोनं आधीच कापूस घालून ठेवला होता. मुलीनं पाय घातला, तो अडला. तिनं कापूस ओढून काढला, बाजूला ठेवला आणि पुन्हा पाय घातला. टाच आत जाईना. तिनं उभं राहून जोर लावून पाहिला, मग बूट काढून उलटा केला, तळव्यावरचं माप वाचलं.

“छोटा आहे,” ती म्हणाली. “आईचं चुकलं.”

बायको जिवंत असताना आम्ही तिच्याबद्दल असं बोलायचो. भाजीत मीठ जास्त पडलं की, किंवा ती छत्री विसरून आली की. ती गेल्यापासून या घरात कुणी तसं बोललं नव्हतं. मी खाली वाकून कापसाचे ते दोन बोळे उचलले आणि पाचवीची पिशवी आणायला उठलो.